कोरी, साफ, चलती, खुरचन

होळी झाली की आमचं शहर आपला मूळ स्वभाव दाखवायला लागतं. दुपारी बाराच्या पुढं रस्त्यावर दिसतात ती फक्त नाइलाज झालेली माणसं आणि उसाच्या रसाच्या गाड्या. माळ्यावरचे कूलर खाली येतात, त्यांच्या जाळीतलं जुनं वाळलेलं गवत उपसून नवं भरलं जातं, आणि पहिल्या पाण्याबरोबर घरभर त्याचा ओला वास सुटतो. कडुनिंबाचा मोहोर अंगणात गळत राहतो. वर्तमानपत्रं ‘सूर्य कोपला’ असा मथळा छापतात. हा मथळा त्यांनी बहुधा कायमचा जुळवून ठेवला असावा. या दिवसांत लोकांना आंबे आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला काळ्या तबकड्या आठवतात, आणि त्या तापून वाकू नयेत म्हणून भर दुपारी खिडकीवरच्या गोणपाटाला तांब्यातांब्यानं पाणी मारणारे हमीदभाई.

हमीदभाई जुन्या जाझच्या रेकॉर्डी विकायचे. औरंगाबादेत. हे मी अनेक सुशिक्षित माणसांना सांगून पाहिलं आहे, ती आधी हसतात आणि मग विचारतात, “घेतं कोण?” इथं कोणीच घेत नसे. गिऱ्हाइकं सगळी परदेशात होती. औरंगपुऱ्यातल्या ज्या गल्लीत स्टीलची भांडी, गाइडं आणि लग्नाचे बस्ते मिळतात, तिथं एका भांड्यांच्या दुकानावर त्यांची खोली होती. खाली दिवसभर पातेल्यांचा खणखणाट आणि वर कोणीतरी काळा माणूस गाल फुगवून ट्रम्पेट वाजवतोय. गल्लीला त्याचं काही वाटत नसे. “मामूंचे तवे चालू झाले,” एवढंच लोक म्हणत आणि पातेली आपटायला लागत.

माझं घर समोरच्या बाजूला. मी कॉलेजात इतिहास शिकवत असे आणि माझ्याकडं संगणक होता. गल्लीत दोन्ही गोष्टी दुर्मीळ, त्यातली दुसरी जास्त उपयोगी. सरकारी खात्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाल्यावर एकदा हमीदभाई खांद्यावर टॉवेल टाकून आले आणि म्हणाले, “सर, थोडा अंग्रेजी का काम था.” ते थोडं काम पुढं कैक वर्षं चाललं. ते रेकॉर्ड तपासायचे, मला सांगायचे आणि मी ते इंग्रजीत टंकून त्यांच्या गिऱ्हाइकांना पाठवायचो. मला जाझमधलं काही कळत नाही, आजही नाही. मी फक्त दुभाषा होतो, आणि सुदैवानं दुभाष्याला सूर लागत नाहीत.

या रेकॉर्डी आल्या कुठून, याची एक हकीगत ते सांगत. पोलीस ॲक्शननंतर छावणीतल्या निजामी अफसरांच्या एका मेसचं सामान निघालं. लोकांनी खुर्च्या नेल्या, झुंबरं नेली, चिनी मातीच्या बशा नेल्या. हमीदभाईंचे वडील तिथं खानसामा. पार मोकळ्या झालेल्या त्या दिवाणखान्यात शेवटी एक पेटी उरली, ती त्यांच्या वाट्याला आली, कारण ती कोणालाच नको होती. सत्तांतराचे असे बारीकसारीक परिणाम आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत येत नाहीत. पेटीत फिरंगी नाचाच्या जुन्या, जड, काचेसारख्या फुटणाऱ्या रेकॉर्डी होत्या. पोरगा त्या ऐकत मोठा झाला. पुढं नोकरी लागल्यावर तो स्वतः गोळा करायला लागला. वेरूळ-अजिंठ्याला येणारे लांब केसांचे गोरे परतीच्या भाड्यासाठी काहीही विकत. एका हॉटेलानं कॅसेट आल्यावर अख्खं कपाट काढून टाकलं. छावणीतल्या एका ख्रिस्ती बाईंनी ऑस्ट्रेलियाला जाताना नवऱ्याच्या सगळ्या रेकॉर्डी दिल्या आणि वर एक शिवणयंत्रही दिलं. कलकत्त्यात छापलेल्या जाझच्या रेकॉर्डींना युरोपात मान आहे, हे हमीदभाईंना फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा त्यांच्या खोलीत बसायला जागा उरली नव्हती.

या धंद्यात माल महत्त्वाचा आहेच, पण त्याहून जास्त महत्त्वाची असते ती मालाची प्रत. विकणारा एका खंडात, घेणारा दुसऱ्या. घेणाऱ्याला रेकॉर्ड हातात घेता येत नाही, ऐकता येत नाही. त्याला फक्त विकणाऱ्याचा शब्द ऐकू येतो. रेकॉर्ड किती झिजली आहे, किती चरे आहेत, पिन फिरताना मागं लाह्या फुटल्यासारखी तडतड किती होते, यावरून प्रत ठरते. गोऱ्यांच्या प्रती पुष्कळ आणि त्यांना पुन्हा अधिक-उणे. हमीदभाईंनी आपल्या चारच ठेवल्या होत्या: कोरी, साफ, चलती आणि खुरचन. खुरचन म्हणजे पातेल्याच्या तळाची खरवड. खानसाम्याच्या पोराला हा शब्द शोधायला लांब जावं लागलं नाही. रेकॉर्ड बघण्याची रीतही बापाचीच. बाप अंडं दिव्यासमोर धरून आतलं ओळखायचा. हमीदभाई दोन्ही तळव्यांच्या कडांवर रेकॉर्ड पेलून ती खिडकीच्या उजेडात हळूहळू कलती करत. बोट कधी काळ्या भागाला लागत नसे. उजेड तबकडीवरून सरकत जाई आणि जिथं चरा असेल तिथं अडखळे.

पण डोळ्यांवर त्यांचा अर्धाच विश्वास. “आंख धोखा खाती सर. दिखने कू चकाचक, और बजाये तो भजे तल रे जैसी.” म्हणून प्रत्येक रेकॉर्ड पूर्ण वाजवून ऐकायची, दोन्ही बाजू. आणि ऐकताना पंखा बंद, कूलर बंद. खिडकी बंद, कारण खाली पातेली. मे महिन्यात. नसरीनभाभी पदरानं वारा घेत दारात बसलेल्या असत आणि त्यांचा तोंडाचा पट्टा मात्र चालू असे.

“भाईसाब, दोजख में बी इत्ती गरमी नै रहती होगी. वहां पंखा तो रहता होगा.”

“चूप बैठो, बाजा चालू है.”

“बाजा कायका? बिल्लियां लड रे.” मग थोडं थांबून, “सब का ग्रेड करते, मेरा क्या ग्रेड है बोलो.”

हमीदभाई पिनेवरची नजर न काढता म्हणत, “चलती.”

“सुने? चालीस बरस चलाये, अब बोलते चलती!”

हे भांडण मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्यात कोणाची ओळ कुठं येते हे मला पाठ होतं. दोघांनाही ते पाठ असावं.

प्रत ठरवताना हमीदभाई नेहमी एक पायरी खाली उतरत. जगानं कोरी म्हटली असती ती त्यांच्याकडं साफ, साफ असेल ती चलती. मी म्हणायचो, “अहो, स्वतःच्या मालाची किंमत कशाला पाडता?” ते म्हणत, “घर जाके पारसल खोलेगा, तो उसका दिल खुश होना. कम बोला तो खुश होता. ज्यादा बोला तो गाली देता.” त्या काळात मी दर मे महिन्यात विद्यापीठाचे पेपर तपासायला जात असे. एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही शंभरेक प्राध्यापक मठ्ठा पीत बसलेले, आणि समोर गठ्ठे. अठ्ठावीस गुण पडलेल्याला पस्तीस कसे द्यावेत याच्या आमच्याकडं लेखी सूचना होत्या, तोंडी सूचना होत्या आणि काही सूचना नुसत्या डोळ्यांच्या होत्या. आम्ही दिलेल्या प्रती घेऊन पोरं जगात गेली. ती उघडून बघणाऱ्याचं दिल खुश झालं की नाही, ते आमच्यापर्यंत कधी पोचलं नाही.

हमीदभाईंच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा एक म्हातारा जर्मनीत होता. रेल्वेत अधिकारी होऊन निवृत्त झालेला. त्याला हमीदभाई ‘अपना जर्मन’ म्हणत. त्याला फोटो लागत नसे, चौकशी लागत नसे. त्याचा निरोप एका ओळीचा असे: नवं काय आहे? हमीदभाईंनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्याची भाषा त्यांना येत नव्हती, आणि तरी ईदेला शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देताना त्यांना एकदा वाईट वाटलं होतं, की ही काही पारसलनं जात नाही.

तर तो उन्हाळा. त्या उन्हाळ्यात हमीदभाईंना धुण्याचा नवा शोध लागला. रेकॉर्डी ते पूर्वीपासून धुवायचे. रिठे उकळून त्याचं पाणी, त्यात बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, आणि लहान मुलाच्या केसांचा मऊ ब्रश. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की कपबशीवरसुद्धा पांढरं कडं उमटतं. रेकॉर्डीच्या रेषांत ते बसलं तर संपलंच. म्हणून पाणी कडुबाच्या बॅटरीच्या दुकानातून. कडुबा चितेगावचा. घरची शेती भावावर टाकून शहरात आलेला. कॅन भरताना तो दर वेळी विचारी, “मामू, घरात बॅटऱ्या तरी किती हायत तुमच्या?”

“बॅटरी नै रे, तवे धोने के.”

“तवे? अन् ह्या पाण्यानं? मामू, लई लाड करता राव. आमच्या बायकूला सांगू नका, ती बी मागंल.”

त्या वर्षी त्यांनी रिठ्याचं पाणी मलमलीतून गाळून मातीच्या सुरईत ठेवून पाहिलं. का, ते त्यांनाच ठाऊक. बहुधा भाभींनी नवी सुरई आणली होती आणि ती रिकामी होती. त्या पाण्यानं धुतलेली पहिली रेकॉर्ड त्यांनी वाजवली आणि ऐकत राहिले. दुसरी वाजवली. मग टॉवेल न घेताच रस्ता ओलांडून माझ्याकडं आले. मी त्यांना इतकं हरखलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं.

“सर, सुरई का पानी. तडतड गायब! पूरी गायब. मिट्टी खेंच लेती मैल कू.”

मी म्हटलं, असेल. माठात पाणी गार होतं, मग रेकॉर्ड साफ व्हायला काय हरकत आहे? मातीच्या गुणांवर आपल्याकडं कोणी शंका घेत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यांत ‘कोरी’ हा शब्द मी जितक्या वेळा टंकला तितका आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून टंकला नसेल. जुन्या, बाजूला टाकलेल्या रेकॉर्डी त्यांनी पुन्हा काढल्या. खुरचनच्या चलती झाल्या, चलतीच्या साफ, साफच्या कोरी. ताटाळ्यात ताटांच्या जागी रेकॉर्डी निथळत उभ्या. भाभी म्हणायच्या, “खाना पत्रावळी पे खाओ अब.” हमीदभाई हसायचे. एरवी कमी बोलणारा माणूस, पण त्या उन्हाळ्यात जिन्यात भेटणाऱ्याला थांबवून सुरईचे गुण सांगायचा. पारसलं जात होती. जर्मनालाही एक मोठं पारसल गेलं. मला आज ती खोली आठवते ती रिठ्याच्या आंबूस वासासकट, बंद पंख्यासकट, आणि त्यात डोळे मिटून बसलेल्या, घामानं चिंब, सुखी म्हाताऱ्यासकट. इतकं सुख माणसाला म्हातारपणी सहसा भेटत नाही. भेटलं तर थोडं निरखून घ्यावं.

त्याच सुमाराला शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळाला शोध लागला, की आपल्या शहरात एक आंतरराष्ट्रीय माणूस राहतो. सत्कार ठरला. असे सत्कार उन्हाळ्यातच होतात, कारण हॉल रिकामे असतात आणि शाली स्वस्त. बेचाळीस अंशाच्या दुपारी हमीदभाईंना लोकरीची शाल पांघरण्यात आली. नारळ देण्यात आला. प्रमुख पाहुणे राजकारणातले होते. ते म्हणाले, जाझ म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपलीच लावणी आहे, इंग्रजांनी ती नेली आणि नाव बदललं. टाळ्या पडल्या. पुढं ते जागतिकीकरणावर आले. तेवढ्यात माइकनं शिट्टी धरली. नेहमीचा घुमणारा आवाज नव्हता तो. सुईसारखी बारीक, वर वर चढत जाणारी, दातांत शिरणारी शिट्टी. हॉलमधल्या सगळ्यांचे हात एकदम कानांवर गेले. पाहुण्यांनीही एक कान झाकला. साउंडवाला धावला.

हमीदभाई शाल पांघरून, मांडीवर नारळ धरून शांत बसले होते. त्यांनी लोकांकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं पाहिलं, आणि माझी नजर शोधून मिश्कील हसले. परतताना रिक्षात म्हणाले, “क्या बोर करा वो आदमी. पब्लिक ने कान बंद कर लिये, उसके मुंह के सामने! ऐसी बेइज्जती मैं नै देखा.”

मी हसलो नाही. भाभी रिक्षाच्या बाहेर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी हमीदभाई पारसल घेऊन पोस्टात गेले तेव्हा भाभींनी मला हाक मारली. चहा केला. म्हणाल्या, “पिछले महिने पूछे, चिड़ियां कहां गये सब, दिखते नै, आवाज नै. खिड़की में बैठे थे चिड़ियां, भाईसाब. गोणपाट का पानी पी रे थे. चिल्ला चिल्ला के.”

मी म्हटलं, “तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?”

“क्या बोलूं? बोलूं, सुरई में कुछ नै है? बोलूं, मैल रेकाड में ही है, तुमकू आवाज नै आ री?” त्यांनी बशी खाली ठेवली. “रिटायर होने के बाद पहली बार गुनगुनाते. नहाते वक्त. बेसुरा गुनगुनाते, मगर गुनगुनाते.”

वय झालं की कानातले वरचे, बारीक आवाज आधी जातात. मग उरतं ते जाड. ट्रम्पेट उरतो, ढोल उरतो, माणसाचं बोलणं बरंचसं उरतं. तडतड जाते. हे मला नंतर एका कानाच्या डॉक्टरानं तपासणीच्या आलेखावरची उताराची रेघ दाखवत समजावलं. पण त्या दुपारी भाभींसमोर बसून चहा पितानाच मला सगळं दिसलं होतं. त्यांच्या रेकॉर्डी साफ होत नव्हत्या. आणि कोरी म्हणून त्या दूरदूरच्या घरांत पोचल्या होत्या. भाभी म्हणाल्या, “मत बोलो.” मी म्हटलं, “त्यांच्या शब्दाचं काय?” त्या म्हणाल्या, “शब्द का क्या करना है, आदमी खुश है.” दोघांचंही बरोबर होतं. इतिहासात असे प्रसंग पुष्कळ येतात आणि विद्यार्थ्यांना आम्ही त्यावर टीप लिहायला सांगतो.

आम्ही काही ठरवायच्या आत जर्मनाकडून एक रेकॉर्ड परत आली. सोबत ओळ होती, नेहमीसारखी एकच. मी ती वाचून दाखवली: वादन फार सुंदर आहे, पण मागं सतत आग पेटल्यासारखा आवाज येतो, कदाचित वाटेत काही झालं असेल.

हमीदभाईंनी चष्मा लावला. रेकॉर्ड काढली, खिडकीत धरली, कलती केली. मग प्लेअरवर लावली. पंखा बंद केला. आम्ही तिघं ऐकत होतो, आणि पहिल्या फेऱ्यापासून माझ्या कानात कढईत जिऱ्यामोहरीची फोडणी पडल्यासारखं तडतडायला लागलं. सॅक्सोफोन त्या फोडणीतून कसाबसा वाट काढत होता. हमीदभाईंनी मान हलवली.

“आईने जैसी है. बदल दिया उसने.” त्यांचा आवाज चढला. “अपनी खराब वाली भेज दी, मेरी रख ली. इत्ते साल का जर्मन, और ऐसा करा!”

या धंद्यात असं चालतं. चांगली ठेवून तशीच दुसरी, झिजलेली परत पाठवायची. म्हणूनच हमीदभाई प्रत्येक रेकॉर्डीच्या लेबलवर, मधल्या भोकाच्या काठाला, पेन्सिलीचा एक ठिपका देत. दिसणार नाही असा, ठाऊक असेल त्यालाच सापडणारा. त्यांनी रेकॉर्ड थांबवली. चष्मा कपाळावर घेतला, लेबल डोळ्यांजवळ नेलं.

ठिपका होता.

ते बराच वेळ तो ठिपका बघत राहिले. ते काय जुळवत होते ते मला कळत होतं. रेकॉर्ड आपलीच. म्हणजे जर्मन खोटा नाही. पण तो आग म्हणतोय आणि इथं तर काहीच नाही. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, भाभींकडं पाहिलं. भाभी जमिनीकडं बघत होत्या. त्या जन्मात कधी गप्प बसल्या नव्हत्या.

“सर,” ते म्हणाले, “इधर बैठो. मेरे सामने.”

मी स्टूल ओढून बसलो.

“मैं बजाता. जब तडतड आयी, उंगली ऊपर करना. गयी तो नीचे. झूठ नक्को.”

त्यांनी पिन टेकवली. मी बोट वर केलं. खाली घेतलं. पुन्हा वर. पुन्हा. ते माझ्या बोटाकडं असे बघत होते जसं कोणी अनोळखी लिपी बघतं. बोट खाली घ्यायला मला सवडच मिळेना. शेवटी मी ते वरच ठेवलं. सॅक्सोफोनवाला काहीतरी फार नाजूक, फार मनातलं वाजवत होता, एवढं मलाही समजलं. हमीदभाईंना तेवढंच ऐकू येत होतं, मध्ये काहीही नसलेलं. बाजू संपली. पिन शेवटच्या रेषेत फिरत राहिली आणि माझं बोट अजून वर होतं.

“बस,” ते म्हणाले. “हाथ दुखता होगा.”

त्यांनी स्वतः उठून पंखा लावला. मग कूलर लावला. मग सुरई उचलली, मोरीत नेऊन तिच्यातलं पाणी ओतलं आणि धुवून भाभींच्या हातात दिली. “पीने का पानी भरो इसमें.”

पुढचे काही दिवस आम्ही एकच काम केलं. त्या उन्हाळ्यात ज्यांना ज्यांना रेकॉर्डी गेल्या, त्या सगळ्यांना निरोप. मी पहिला मसुदा जरा सांभाळून लिहिला होता: काही तांत्रिक कारणामुळे प्रतवारीत तफावत. त्यांनी तो मला मराठीत सांगायला लावला आणि ऐकून म्हणाले, “ये तो तुम्हारे विद्यापीठ का सर्क्युलर हो गया. सीधा लिखो. विकणाऱ्याला ऐकू येत नाही. माल परत करा, पैसे परत घ्या.” मी तसंच लिहिलं. काहींनी परत पाठवल्या, काहींनी ठेवून घेतल्या. जर्मनानं लिहिलं, की त्याच्याही एका कानाला यंत्र आहे, आणि त्यानं ते काढून पाहिलं तर रेकॉर्ड ठीक वाटली. ती ओळ ऐकून हमीदभाई खूप दिवसांनी हसले. पण त्याला नवी रेकॉर्ड काही त्यांनी पाठवली नाही. मी म्हटलं, “मी ऐकत जाईन की. तुम्ही बघा, मी बोट वर करतो.” भाभी म्हणाल्या, “मैं करती. बैठी तो रहतीच हूं.” त्यांनी मान हलवली. म्हणाले, दुसऱ्याच्या कानानं आपली जबान कशी द्यायची? ती तुमची जबान झाली. तुमच्या नावानं विका मग. आमच्या दोघांच्याही नावाला त्या बाजारात काही किंमत नव्हती, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

नंतर थोड्याच वर्षांत ते गेले. भाभींना मुलगा पुण्याला घेऊन गेला. खोली रिकामी करायला मुंबईहून एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. त्यानं रेकॉर्डी एकावर एक आडव्या रचल्या, काळ्या भागाला बोटं लावत. पुढं कधीतरी मी त्याची जाहिरात पाहिली. भरघोस इंग्रजी, ‘निजामाच्या खजिन्यातून’ वगैरे, आणि खाली बारीक अक्षरात: माल तपासलेला नाही. शहराचं नाव बदललं, गल्लीतली गाइडं गेली आणि मोबाइलची कव्हरं आली. भांड्यांचं दुकान मात्र आहे. वरच्या खोलीत आता कोचिंग क्लास चालतो. माझे काही जुने विद्यार्थी तिथं शिकवतात, ज्यांना आम्ही अठ्ठावीसचे पस्तीस दिले होते.

त्या उन्हाळ्याची अखेरची एक दुपार मात्र मला अजून सोडत नाही. धंदा मिटला होता. मी सहज वर गेलो. परत आलेल्या रेकॉर्डींतली एक वाजत होती. पंखा चालू, खिडकी उघडी, खाली पातेली, काही राखायचं उरलं नव्हतं. हमीदभाई खुर्चीत पाय वर घेऊन बसलेले. मला खुणेनं बसवलं. पियानो होता, आणि त्याच्यावर आगीचा तो लोळ. इतकी वाईट अवस्था मी आधीच्या कुठल्याही रेकॉर्डीची ऐकली नव्हती. पियानो कधी दिसायचा, कधी बुडायचा. ते डोळे मिटून म्हणाले, “क्या बजाता देखो. बिलकुल पास बैठके बजा रा.”

मी “हो” म्हटलं. आणि आपले हात मांडीखाली घेऊन बसलो. का घेतले, ते मला घेताना कळलंही नाही.

रेकॉर्ड चालू होती. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, माझ्या मांडीकडं पाहिलं.

“हाथ बाहर निकालो सर,” ते म्हणाले. “मालूम है मेरेकू.”

मी हात बाहेर काढले. बाजू संपेपर्यंत ते कुठं ठेवावेत, हे मला कळलं नाही.